बर्फ पडला तरी

गुरुवारी सकाळी आमच्या रस्त्यावरून एक टँकर पाणी सांडत गेला आणि मागे पांढऱ्या सरळ रेघा उमटल्या. मी मुलाला विचारलं, "ही रांगोळी कसली रे?"

तो हसला. "आई, मिठाचं पाणी आहे ते, रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून. उद्या स्नो पडेल कदाचित."

मुलाच्या या परदेशी गावात, आमच्या कॅरीत, हिवाळा म्हणजे एक स्वेटर. बर्फ वर्षातून एकदा येतो, एखाद्या वर्षी येतही नाही. पण नुसती कुणकुण लागली तरी दुकानातलं दूध आणि ब्रेड दुपारपर्यंत संपतं. त्या दिवशीही मराठी मंडळींच्या ग्रुपवर सकाळपासून एकच शब्द फिरत होता. हळदीकुंकू कॅन्सल, तबल्याचा क्लास कॅन्सल, कुणाचा तरी बर्थडे कॅन्सल. आणि आभाळ मात्र निळंशार.

शुक्रवारी साडेनऊला माझी गाडी चालवायची परीक्षा होती.

ती तारीख मिळावी म्हणून मी दिवाळीपासून थांबले होते. इथे पायी कुठेच जाता येत नाही. दवाखाना असो, लायब्ररी असो, रविवारची बुद्धवंदना असो, मला कुणीतरी सोडावं लागतं. मग त्यांच्या सोयीने जायचं आणि त्यांच्या सोयीने परतायचं. पाच वर्षं मी अशी मागच्या सीटवर बसून काढली. सुनेने शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला शिकवलं. इंग्रजी पाट्या मी चित्रासारख्या पाठ केल्या. एक पिवळी पाटी तर मला फारच पटली. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. सून म्हणाली, पुलाला खालून जमिनीची ऊब नसते ना, म्हणून. ते मला लगेच समजलं.

संध्याकाळी मुलगा दुधाचे चार कॅन घेऊन आला.

"एवढं दूध कशाला?" सून म्हणाली. "बर्फाला आंघोळ घालायचीय?"

त्याने लक्ष दिलं नाही, फोन काढला. "आई, उद्याचं कॅन्सल करून टाकतो. ब्लॅक आइस असलं तर दिसत पण नाही."

"काळं असून दिसत नाही?"

"रस्ताच काळा असतो ना गं, त्यावर काचेसारखा बर्फ. जाऊ दे, पुढची तारीख घेऊ."

"पुढची उन्हाळ्यात मिळेल," सून म्हणाली.

"मग उन्हाळ्यात. घाई काय आहे?"

नात सोफ्यावरून ओरडली, "बाबा, इट्स जस्ट अ चान्स! पडेलच असं नाही!"

मी गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे होकार, असं मला ओळखणारे सगळेच धरून चालतात. चौथीची परीक्षा पंधरा दिवसांवर असताना बापाने शाळेतून माझं नाव काढलं, तेव्हाही असंच झालं होतं. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. गुरुजी म्हणाले, परीक्षेपुरती तरी बसू द्या. बाप म्हणाला, पास होऊन काय दिवे लावणार? मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.

मुलाचं बोट फोनवर टेकणार तोच मी त्यावर हात ठेवला.

"नको."

"आई, बर्फ पडला तर?"

"पडू दे. परीक्षेचं ऑफिस बंद करायचं असेल तर ते करतील. तू करायचं नाहीस."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की नातीने टीव्ही बंद केला.

शुक्रवारी आभाळ ताकासारखं झालं होतं, पण एक कण पडला नव्हता. सून शेजारी बसली आणि मी चालवत गेले. ऑफिस उघडं होतं. खुर्च्या बहुतेक रिकाम्या. लोकांनी तारखा कॅन्सल केल्या होत्या.

परीक्षा घेणारी बाई उंच, जाड चष्म्याची. तिच्या शेजारी बसून मी उजवं वळण नीट घेतलं, गाडी उलटी फिरवली, सिग्नलला थांबले. मग हायवेवरचा पूल आला आणि त्याच्या अलीकडे ती पिवळी पाटी. मी गाडी बैलगाडीसारखी हळू केली. मागून हॉर्नवर हॉर्न.

"एवढं हळू का?" बाईने इंग्रजीत विचारलं.

मी पाटीकडे बोट केलं. "ब्रिज. आइस. फर्स्ट."

तिने कोरड्या ठणठणीत पुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नॉट टुडे, मॅम."

परत आल्यावर तिने कागदावर खूण केली. फार हळू, मागची वाहनं अडवली. नापास. एरवी मी मान हलवून निघून आले असते. पण माझे पाय खिडकीशी गेले. मी विचारलं, "नेक्स्ट? व्हेन?" खिडकीतल्या माणसाने मशीनमध्ये पाहिलं. पुढच्या पंधरवड्यात कुणीतरी कॅन्सल केलं होतं. ती जागा त्याने मला दिली.

सून बाहेर उभी होती. "काय झालं?"

"नापास."

तिचं तोंड उतरलं. मग माझा चेहरा बघून ती बुचकळ्यात पडली, कारण मी हसत होते. पुलाचं सांगितलं तशी तीही हसायला लागली, गाडीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आई, तुम्ही तर नाव काढलंत!"

नाव काढलं. बापाने काढलं होतं ते वेगळं, हे वेगळं. नापास व्हायलाही आधी परीक्षेला बसावं लागतं. अठ्ठावन्न वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी नापास केलं. तो कागद मी फ्रिजवर लावला आहे, नातीच्या चित्राशेजारी.

संध्याकाळी बर्फ आला. पोळपाट झटकावा एवढाच, आणि जमिनीला लागायच्या आत विरला. मुलगा खिडकीशी उभा होता. "पुढच्या वेळी तरी फोरकास्ट बघून जाऊ या, आई."

"तू बघ," मी म्हटलं. "मी त्या दिवशी साडेनऊला तिथे असेन."