दोन पंचवीसचा पाहुणा

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना हसू नका, ठसका लागेल. आता जो सांगणार आहे तसला गाढवपणा अख्ख्या भिलाईत दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. आणि केलाच असेल, तर त्या शहाण्याने तो कोणाला सांगितला नसणार!

आधी आमच्या बाबांबद्दल ऐका. भंडाऱ्याहून इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले ते कायमचे भिलाईतल्या मरोद्याचे झाले. ड्यूटी सुटली की विहारात भाषण द्यायला मोकळे. विषय कुठलाही द्या, गाडी शेवटी तिथेच यायची. "भूत, भानामती, टोनही-चेटकीण, हे सारं आपल्या डोक्यातलं असते. डोकं साफ ठेवा!" आपली भाषणं, गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायची त्यांना भारी हौस. मागच्या वर्षी बाबा गेले. घरात उरलो आई, मी, माझी बायको रंजना, आणि बाबांचा तो मोबाइल.

आई वर्षभर मोजकंच बोलायची. रडायचीही नाही, हेच जास्त त्रासाचं. म्हणून पहिल्या स्मृतिदिनासाठी मी ठरवलं, बाबांची वेबसाइट करायची. फोटो, भाषणं, गाणी, सगळं तिच्यावर. रविवारी पुण्यानुमोदनाला गावाकडचे लोक येतील, आमच्या वायफायवरून आपापल्या मोबाइलवर ती उघडतील, आणि सगळ्यांमध्ये बसून आई बाबांचा आवाज ऐकेल. तिचं मन मोकळं व्हावं, मला बाकी काही नको होतं.

आता मी कोण? प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा माणूस. मोटर जळली तर मला बोलवा, वेबसाइट बनवायला नका बोलावू. पण इंटरनेटवर धडे बघून शिकलो हो! अडचण एकच. घरात कॉम्प्युटर एक, तो रंजनाचा, आणि रंजना शाळेत मास्तरीण.

"माह्या प्रश्नपत्रिका हायेत त्याच्यात," ती म्हणाली. "हात लावसान तं पाहा!"

म्हणून मी कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर बसवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. घाबरू नका, सोपं आहे. घरातली एक खोली भाड्याने दिल्यासारखं समजा. त्या खोलीत बाबांची वेबसाइट राहणार. आत कितीही राडा झाला तरी रंजनाच्या प्रश्नपत्रिका सुखरूप.

महिनाभरात सगळं तयार झालं. बाहेरच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं, मस्त चाललं. आईला, रंजनाला एकदा दाखवलं. आईने नुसती मान हलवली आणि आत निघून गेली.

आणि मग तो गुरुवार आला.

त्या दिवशी ड्यूटीवरून आलो. आई बाजूच्या घरी गेलेली, रंजना भाजी आणायला. घरात मी एकटा. उगाच आपलं त्या आतल्या मशीनचं रजिस्टर उघडलं. लॉग म्हणतात त्याला. वेबसाइटवर कोण आलं, कधी आलं, काय बघितलं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. येणाऱ्याचं नाव नसतं, नंबर असतो. आमच्या कॉम्प्युटरचा नंबर मला पाठ, माझ्या मोबाइलचाही पाठ.

रजिस्टरमध्ये तिसराच नंबर होता. १०.०.२.२.

हा कोण बुवा? मी तर अजून कोणाला वेबसाइटचा पत्ताही दिला नव्हता!

बघू या म्हणून मी बाहेरच्या कॉम्प्युटरवर बाबांचा एक फोटो उघडला. रजिस्टरमध्ये लगेच ओळ आली. १०.०.२.२ ने फोटो बघितला. तोच फोटो, त्याच सेकंदाला.

मी दुसरा उघडला. त्यानेही दुसरा उघडला.

मी थांबलो. तो थांबला. मी हात मांडीखाली दाबून दोन मिनिटं बसून राहिलो. तोही काही करेना. मग मी एकदम, त्याला कळायच्या आत, आईबाबांचा लग्नातला फोटो उघडला. छे! तो माझ्याबरोबर हजर! पंखा चालू होता तरी माझ्या मानेला घाम सुटला.

आता तुम्ही म्हणाल, अरे, रजिस्टर मिटव, बाहेर जाऊन उभा राहा. तेवढी अक्कल असती तर ही गोष्ट कशाला सांगितली असती? मी रजिस्टर मागे सरकवत नेलं.

आज दुपारी दोन पंचवीस, १०.०.२.२. काल बुधवारीही दोन पंचवीस. मंगळवारी दोन पंचवीस. सोमवारी दोन सव्वीस. रोज दुपारी, मी ड्यूटीवर, रंजना शाळेत, आणि हा आलाय! रोज एकच फाइल ऐकून गेलाय. फाइलचं नाव 'चाय'.

दोन पंचवीस म्हणजे काय हे प्लांटवाल्या घराला सांगावं लागत नाही. पहिली पाळी दोनला सुटते. सायकल काढा, गेटवर गर्दी असते, मग घर. बाबा पहिल्या पाळीला असले की बरोबर दोन पंचवीसला आमचं फाटक वाजायचं.

ती 'चाय' नावाची फाइल मी स्वतःच चढवली होती, पण धड ऐकली नव्हती. आता ऐकली. आधी खरखर, मग बाबांचा आवाज, अगदी कानाजवळ.

"चालू झालं का हे? लाल बत्ती तं आली... कोन हाय तिकडे?"

मी जागेवरून उडालोच!

"अवं, चाय मांड वं. आलो मी."

बस, तेवढंच. त्या क्षणी बाहेर फाटक वाजलं आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा काढून दाखवणार नाही. भाजीची पिशवी घेऊन रंजना दारात उभी.

"काय झालं वो? कावून बोंबलून राहिले?"

तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दोन पंचवीस म्हणताच तिने ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, तीही घाबरली.

"मंग," ती म्हणाली, "अहिवाऱ्याकडे एक भूत उतरवनारा बैगा हाय म्हनते. त्याले आनू? का राउटरलेच लिंबू-मिरची बांधू?"

"मी चेष्टा करून नाही राहिलो, रंजना!"

"मीही नाही. तुमी काही करू नका. हाय तसं राहू द्या."

पण बायकोचं ऐकेल तो मेंटेनन्सवाला कसला! मनाला समजावलं, मी बाबांचा पोरगा आहे, भुताबितावर माझा विश्वास नाही. हा कोणीतरी चोर आहे, आपल्या वायफायमध्ये घुसलेला. (चोर रोज दुपारी एकोणीस सेकंदांचा चहा कशाला ऐकेल, हा प्रश्न मी स्वतःला मुद्दामच विचारला नाही.) आणि प्लांटचा नियम काय सांगतो? गेटवर अनोळखी माणूस दिसला की आधी अडवा, मग चौकशी करा. मी आतल्या मशीनची फायरवॉल उघडली, म्हणजे गेटवरचा चौकीदार समजा, आणि त्याला बजावलं, १०.०.२.२ ला आत सोडायचं नाही. आतल्या मशीनच्याच पडद्यावर वेबसाइट उघडून पाहिली. झकास चालत होती. खरं सांगू? बाहेरच्या कॉम्प्युटरवरून उघडून बघायची माझी हिंमतच नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी रजिस्टर बघितलं. कोरं! शनिवारीही कोरं! माझी छाती फुगली. आईला जेवताना सांगितलंसुद्धा.

"आई, बाबांच्या वेबसाइटमध्ये एक भूत शिरलं होतं. रोज दुपारी येत होतं. हाकललं मी त्याले!"

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू केलं का ते?" एवढंच म्हणाली आणि ताट सारून उठली. रंजना हळूच म्हणाली की दोन दिवस झाले, आईने दुपारचा चहा घेतला नाही. म्हटलं, स्मृतिदिन जवळ आलाय, आठवण येत असेल.

रविवार उजाडला. घर भरलं. भंडाऱ्याचे लोक आले, कॅम्प-१ च्या विहारातले आले. वंदना झाली, दोघाचौघांनी बाबांबद्दल सांगितलं. मग मी उठलो. वेबसाइटचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला होता. आईला पुढे खुर्चीवर बसवलं आणि ऐटीत म्हणालो, "आता मोबाइल काढा. बाबांचा आवाज ऐका!"

पंचवीस मोबाइल निघाले. पंचवीस पडद्यांवर पंचवीस गोल फिरायला लागले. फिरतायत, फिरतायत. काही उघडेना.

"सगळ्यांनी एकदम दाबू नका!" मी म्हणालो.

एकेकाने दाबलं. गोल फिरतोय.

"मोबाइलचा डेटा बंद करा!" केला. "वायफाय बंद करून चालू करा!" केलं. राउटर बंद करून चालू केला. आतलं मशीन झोपवून उठवलं. रंजनाच्या कॉम्प्युटरवरून उघडून पाहिलं, तिथेही तेच. आणि आतल्या पडद्यावर बघावं तर बाबा हसत बसलेले! आतून इंटरनेट चालतंय, बाहेर सगळीकडे जाता येतंय, पण बाहेरचं कोणी आत जाईना. बाबाच आतून कडी लावून बसले की काय?   आईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

शेवटी मेश्राम काका उठले. बाबांचे दोस्त, आयुष्यभर प्लांटच्या गेटवर पास तपासायचं काम. कॉम्प्युटरचं त्यांना ओ की ठो कळत नाही.

"मले एक सांग, बेटा. तू ह्या गेटवर कोनाले अडवलं का?"

"एकालेच, काका. एका चोरट्या नंबरले."

"दाखव तुयं रजिस्टर."

दाखवलं. आतल्या खोलीची वाट बाहेरच्या कॉम्प्युटरमधूनच जाते हेही सांगितलं. काकांनी चष्मा वर सरकवून एकेक ओळ वाचली. "ह्या महिन्याभरात तू सोता किती खेपा आत गेला?"

"गेलो असेन शंभरदा."

"मंग तुया नंबर कुठी हाय ह्याच्यात?"

मी शोधला. वर, खाली, पुन्हा वर. माझा नंबर कुठेच नव्हता. सगळीकडे तोच एक, १०.०.२.२.

काका डोक्याला हात लावून खाली बसले. "अरे बापा! ठेकेदाराची गाडी येते ना गेटवर? आत चाळीस मजूर असतेत, पन पास एकच, गाडीचा. आमी गाडीचाच नंबर लिवतो. तुया हा भाईरचा कॉम्प्युटर म्हंजे ते गाडी हाय. जो कोनी आत जाईन, त्याच्याच नंबरवर जाईन. अन् तू गाडीचाच पास रद्द केला! आता कोन जाईन आत?"

पंचवीस माणसांसमोर मला समजलं. ज्या भुताने माझ्याबरोबर फोटो उघडले, मी थांबलो की जो थांबला, ज्याला मी हाकललं, तो मीच होतो! सगळे असे हसले की भंडाऱ्याच्या मावशीला पाणी द्यावं लागलं. मीही हसलो. लगेच अटकाव काढला, आणि पंचवीस मोबाइलांवर बाबा एकदम उमटले. कोणाच्या हातात गाणं, कोणाच्या हातात भाषण.

आता तरी गप्प बसावं ना माणसाने? पण नाही. आपण अगदीच मूर्ख नाही हे मला दाखवायचं होतं.

"पण काका," मी मोठ्याने म्हणालो, "दुपारचं दोन पंचवीसचं काय? तेव्हा मी ड्यूटीवर असतो! तेव्हा कोण येऊन 'चाय' ऐकत होतं?"

हसणं थांबलं. रंजनाने मला असा कोपर मारला की बरगडी अजून दुखते. आई खुर्चीवर खाली मान घालून बसली होती.

"मी होती," आई म्हणाली. "रंजनानं मले कुठी दाबाचं ते शिकवलं. तुले सांगू नको म्हनलं मीनं. तू हासशीन म्हून."

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"दोन रोज मीनं दाबू दाबू पाह्यलं," ती पुढे म्हणाली. "उघडेच ना. मले वाटलं, वर्स झालं, आता आवाजही गेला त्याह्यचा."

ज्या आईसाठी हा सगळा खटाटोप, तिलाच मी फाटकाबाहेर काढलं होतं. आणि वर जेवताना तिलाच ऐटीत सांगितलं होतं की भूत पळवलं! मी तिच्या पायाशी बसलो.  तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तेव्हा कुठे, वर्षभरात पहिल्यांदा, आई रडली.

पाहुणे जेवून गेले. मी आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं, आवाज वाढवून दिला आणि शेजारी स्टूल ओढून बसलो. म्हटलं, आता दोघं मिळून ऐकू. आईने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तू भाईर जाय. अन् दार लावून घेजो."

गेलो, दार लावून घेतलं. आतून बाबांचा आवाज येत होता आणि व्हरांड्यात उभं राहून मी पहिल्यांदाच शिकलो, ब्लॉक होणं म्हणजे काय असतं ते.