सही केलेला रविवार

भोसरीच्या चाळीस खाटांच्या दवाखान्यात डॉ. सयाजी अठरा वर्षं फिजिशियन होते. माणूस गरीब गाईसारखा. रुग्णावर कधी खेकसले नाहीत, कुणाची ड्युटी कधी नाकारली नाही.

डॉक्टरांना पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, तरच नोंदणी पुढे चालू राहते. त्यासाठी रविवारी कुठल्याशा हॉटेलच्या हॉलमध्ये व्याख्यानं असतात. पण दवाखान्यात फिजिशियन हे एकटेच. खुर्चीत टेकले की फोन आलाच. मग सकाळी नऊला सही करायची, बॅज गळ्यात अडकवायचा आणि पहिल्या चहाआधीच भोसरी गाठायची. बहुतेकांचा रिवाजच तो. घरी सांगवीला आलेली प्रमाणपत्रं पत्नी वर्षाली देवघराच्या फळीवर नीट लावून ठेवायची.

जानेवारीत ज्योतीराम आला. बीडकडचा, स्टीलच्या पॉलिशच्या वर्कशॉपमधला. उजव्या हाताची दोन बोटं धरून होता.

"सायेब, हाडात कोणतरी सुया टोचायलंय बघा."

बोटं जेमतेम लालसर. सयाजींनी विचारलं, "कशानं झालं?"

"ॲसिडात माल बुडवताना हातमोजा फाटला."

"धुतलंस?"

"लगेच धुतलं की."

सयाजींना हे नेहमीचंच ॲसिड वाटलं. मलम लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, उद्या ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी बोटं काळीनिळी पडली होती. त्याला पुण्याला धाडलं. आठवड्यानं तिथल्या सर्जनचा फोन आला. दोन्ही बोटांची पेरं काढावी लागली होती.

"सर, हे हाडापर्यंत उतरणारं ॲसिड. वरून काही दिसत नाही, नुसतं दुखतं. कॅल्शियमचं जेल लावलं नव्हतं का?"

"नाही," सयाजी म्हणाले. फोन ठेवला. बाहेर एकोणीस पेशंट बसले होते, ते तपासले. डबा खाल्ला. भाजी कसली होती, ते काही कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी प्रमाणपत्रं चाळली. 'औद्योगिक रसायनांच्या इजा. पूर्ण दिवस उपस्थित. दोन पॉइंट.' चौदा महिन्यांपूर्वीचं. खाली त्यांचंच नाव.

"हे धडधडीत खोटं आहे," ते म्हणाले.

वर्षाली कागदाकडे बघत राहिली. "अहो, मी त्याला रोज उदबत्ती ओवाळलीय हो."

महिनाअखेर नोंदणीची मुदत संपत होती आणि पॉइंट बरोब्बर तीस होते. सयाजींनी मेडिकल कौन्सिलला पत्र लिहिलं: हे दोन पॉइंट माझ्या नावावरून काढा.

दवाखान्याचे मालक डॉ. जयदीप कपाळाला हात लावून बसले. "अहो सयाजीराव, सगळेच सही करून पळतात. तुम्ही तर जेवणही सोडून पळायचात! आता वॉर्ड कोण बघणार? मी? हाडं जोडणारा माणूस मी, ईसीजी बघितला की मला झोप येते."

"दुसरा फिजिशियन बघा तोवर."

"त्या पोराची बोटं येणार आहेत का परत?"

"नाही."

मुदत संपली, अठ्ठावीस पॉइंटांवर नोंदणी अडली आणि सयाजींची ड्युटी थांबली. ते सकाळी उठायचे, दाढी करायचे, खिडकीत बसायचे. वर्षाली चहा ठेवून जायची, तो गार व्हायचा. वाईट वाटतंय का, असं तिनं एकदा विचारलं. ते म्हणाले, "काहीच वाटत नाही गं."

पाचव्या आठवड्यात चाकणला त्याच विषयाचं व्याख्यान होतं. सयाजी पुढच्या रांगेत बसले. चहाला उठले नाहीत. दुपारी वक्त्या बाईंनी विचारलं, "असा पेशंट कुणी पाहिलाय?"

त्यांनी हात वर केला. उभं राहून सगळं सांगितलं: बोटं कशी दिसत होती, काय लावलं, काय लावलं नाही. हेही सांगितलं, की याच विषयाच्या रविवारी सही करून आपण निघून गेलो होतो. आवाज जरासुद्धा हलला नाही. दाराशी बॅगा घेऊन निघालेले दोघे डॉक्टर क्षणभर थांबले, मग निघून गेले.

बाईंनी पुढची स्लाइड लावली. सयाजी खाली बसले आणि लिहू लागले.