पूर्वेची खिडकी आणि सुनेला

पनवेलजवळ करंजाड्यातला हा फ्लॅट आम्ही घेतला तो केवळ माझ्या हट्टामुळे, आणि माझा हट्ट होता उन्हाचा. लग्नानंतरचं सगळं आयुष्य मी डोंबिवलीला मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत काढलं. तिथे खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची ओली भिंत. पापड वाळवायचे तरी गच्चीची किल्ली मागायला खाली जावं लागायचं. त्यामुळे नवऱ्याच्या निवृत्तीच्या सुमारास नवं घर बघायला लागलो तेव्हा मी बिल्डरच्या माणसाला पहिलाच प्रश्न विचारला, "पूर्व कुठे?" त्यानं बोटानं दाखवली. त्या बाजूला हॉलची जवळजवळ भिंतभर खिडकी येणार होती. सिमेंटच्या गोण्यांमध्ये उभी राहून मी तिथल्या तिथे माझी खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवून टाकलं.

खुर्ची ठरवलेल्या जागीच आहे. ऊन मात्र कित्येक वर्षं आलं नाही. येत नव्हतं असं नाही, येऊ दिलं जात नव्हतं. आणि त्याला कारण होता बोटभर लांबीचा एक पिवळा दगड.

त्याला दगड म्हटलेलं आमच्या ह्यांना अजिबात खपत नाही. तो स्फटिक आहे. सिट्रीन. ज्योतिषी ज्याला सुनेला म्हणतात आणि पुष्कराज परवडत नसेल तर गुरुवारी बोटात घालायला सांगतात, तोच. ह्यांना तरुणपणापासून खाणींतले, डोंगरांतले स्फटिक जमवायचा नाद. नोकरी कारकुनाची, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांसाठी फायली इकडून तिकडे नेल्या. पण रविवार आला की पाठीला पिशवी आणि हातात हातोडी. हॉलमधलं काचेचं कपाट त्या रविवारांनी भरलेलं आहे. प्रत्येक स्फटिकाखाली ह्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी: नाव काय, सापडला कुठे. संग्राहकांमध्ये म्हणे चिठ्ठीशिवाय स्फटिकाला किंमत नाही.

सुनेल्याखालची चिठ्ठी अशी आहे: "सिट्रीन, नैसर्गिक. उलव्याचा डोंगर (आता नाही)."

विमानतळासाठी तो डोंगर फोडत होते त्या दिवसांत आम्ही बांधकाम बघायला वरचेवर इकडे यायचो. मी फरश्या बघायचे आणि हे डोंगराच्या बाजूला पसार व्हायचे. एकदा तिथल्या गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ह्यांना थांबवलं. त्यांचंही घर उठणार होतं. धोतराच्या सोग्यातून त्यांनी तो स्फटिक काढला. मी शेजारीच होते, त्यामुळे त्यांचे शब्द मला पक्के आठवतात. "आमचे डोंगरातला हाय, काका. डोंगर काय आता र्‍हानार नाय. यो न्या तुमी. तुमाला कदर हाय."

ह्यांनी तो विकत घेतला. परतताना सगळा वेळ हे मुठीत धरून बसले होते. कोऱ्या, पातळ चहासारखा रंग आणि आत किंचित धुरकट छटा. बाजारात सुनेला म्हणून जो मिळतो तो बहुतेक भट्टीत भाजलेला जांभळा स्फटिक असतो, हे मला तोपर्यंत शंभर वेळा ऐकवून झालं होतं. भाजलेला ओळखायला सोपा, तो नारिंगी दिसतो आणि बुडाशी पांढरा पडतो. हा तसा नव्हता. आपल्या काळ्या कातळात असा पिवळा मिळणं म्हणजे दुर्मीळच, असं हे म्हणाले, आणि मूठ उघडून त्यांनी तो पुन्हा एकदा पाहिला. मला तेव्हा हसू आलं. पण आनंदही झाला, कारण ह्यांना इतकं खूश मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग आम्ही इथे राहायला आलो आणि सामान लागायच्या आत खिडकीला पडदे लागले. साधे नव्हेत. पनवेलच्या बाजारातल्या शिंप्याकडून दुहेरी शिवून घेतलेले, आतून काळं अस्तर. जांभळ्या स्फटिकाचा रंग उन्हानं उडतो, आणि काचेचं कपाट नेमकं खिडकीसमोर. दुसऱ्या भिंतीला ते मावत नव्हतं.

"मग ते दगड आतल्या कपाटात ठेवा ना," मी म्हटलं.

"कपाटात कोंडायचे तर जमवायचे कशाला?"

"आणि माणसं कोंडलेली चालतात?"

पडदे राहिले.

सकाळी दहा वाजता ट्यूबलाइट लावून भाजी निवडायची म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. मी आणलेलं मनीप्लांट दोन महिन्यांत पिवळं पडून गेलं. कुरिअरवाला दारातून आत डोकावून हळू आवाजात म्हणाला, "काकू, घरात कोणी आजारी आहे का?" विमानं सुरू झाली तेव्हा सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहून बघत होती. मी डोक्यावरून जाणारा आवाज ऐकत होते. कधी कधी मला इतकं घुसमटल्यासारखं व्हायचं, की मी संडासात जाऊन वरची छोटी खिडकी उघडून उभी राहायचे. डोंबिवलीतली भिंत तरी दुसऱ्याची होती. ही माझ्याच घरातली, आणि ती मी स्वतः धुऊन, इस्त्री करून पुन्हा टांगत होते. राग यायचा तो त्याचाच.

एकदा मोठं भांडण झालं. त्यानंतर हे दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी एकेक करून सगळे जांभळे स्फटिक बेडरूममधल्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवले. मला वाटलं, जिंकले. संध्याकाळी मी पडद्याला हात घातला तर हे धावत आले.

"अगं, सुनेला आहे ना अजून!"

"मग तोही ठेवा आत."

"तो इथेच राहील," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी हात काढून घेतला.

पुढे माझी हाडं दुखायला लागली. डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, "ऊन घेत नाही का?" मला हसावं की रडावं कळेना. तेव्हापासून मी रोज सकाळी लिफ्टनं खाली उतरून घसरगुंडीजवळच्या बाकावर जाऊन बसायला लागले. तिथे आणखी तीनचार बायका असायच्या. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या जिभेला हाड नाही. "तुमचा तर पूर्वेचा फ्लॅट ना हो? आम्ही पश्चिमवाले इथे येतो ते ठीक. तुम्हाला काय कमी?" मी म्हणायचे, "तुमची संगत कमी." त्या खूश व्हायच्या आणि मी उन्हाला पाठ देऊन बसायचे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पुण्याच्या एक संग्राहक बाई सुनेला बघायला आल्या. ह्यांच्या मंडळींत त्यांचा शब्द मोठा. सत्तरीच्या पुढच्या, खादीची साडी, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. ह्यांनी सकाळपासून कपाट पुसलं, मला साटोऱ्या करायला लावल्या. बाईंनी सुनेला तळहातावर घेतला, भिंगातून पाहिला आणि म्हणाल्या, "सुरेख आहे हो. पण ट्यूबखाली रंग कळत नाही. पडदा सारा."

"एक मिनिट फक्त," हे म्हणाले.

"एक मिनिट का? जांभळ्याचं मी समजू शकते. नैसर्गिक सुनेल्याला उन्हानं काय होणार? माझा तर कित्येक वर्षं खिडकीतच आहे." आणि मग, साटोरी मोडता मोडता, अगदी सहज, "हां, कुणी यंत्रात किरणं मारून पिवळा केलेला असला तर मात्र उन्हात त्याचा रंग उतरतो. ते भिंगातून नाही कळत. अर्धा झाकून उन्हात ठेवायचा, तेव्हाच कळतं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे त्या बाईंकडे पाहत नव्हते, सुनेल्याकडेही नाही. जमिनीकडे पाहत होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या मानेवरून सगळं कळतं. ह्यांना हे ठाऊक होतं, पहिल्यापासून. पडदा रंग उडू नये म्हणून नव्हताच. रंग उडतो की नाही हे कळू नये म्हणून होता.

बाई गेल्यावर मी कपबशा उचलल्या नाहीत. समोर बसले.

"त्या म्हाताऱ्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही," हे आपणहूनच बोलायला लागले. "पण त्या दिवसांत बाहेरचे दगडवाले गावात हिंडायचे. कुठलाही माल आणायचे, डोंगराचा म्हणून खपवायचे. त्या म्हाताऱ्यांच्या हातात कुणी दिला असेल, कुणी सांगावं."

"मग ठेवा उन्हात. कळेल."

"आणि उतरला तर?"

"उतरला तर उतरला! अहो, खरा निघाला तर त्याला ऊन चालतं, म्हणजे पडदा उघडा. खोटा निघाला तर जपायचं काय उरलं? तरी पडदा उघडाच. दोन्हीकडून माझं ऊन मला मिळतं." इतका सरळ हिशेब मी आयुष्यात मांडला नव्हता, आणि मला त्याचा भारी अभिमान वाटला.

ह्यांनी सुनेला पुन्हा त्याच्या चिठ्ठीवर नेऊन ठेवला. मग म्हणाले, "माझ्याकडे तेवढा एकच आहे गं." ह्यांच्याकडे तीनशेच्या वर स्फटिक असतील. तरी ते काय म्हणतायत ते मला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर हॉल उन्हानं भरलेला. ह्यांनी फोटोच्या जुन्या पाकिटातला काळा कागद कापून सुनेल्याचा खालचा अर्धा भाग गुंडाळला होता, वर दोरा बांधला होता आणि खिडकीच्या कट्ट्यावर कापसाच्या गादीवर त्याला आडवा ठेवला होता. अर्धा झाकायचा तो अशासाठी, की रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. आपले केस पांढरे होताना रोजच्या आरशात कुठे दिसतात? शेवटी कागद काढला की दोन्ही भाग शेजारी शेजारी दिसतात, आणि निकाल लागतो.

"दिवाळी झाली की उघडू," हे म्हणाले.

मी माझ्या खुर्चीत बसले. पायांवर ऊन, मांडीवर ऊन. मी खरंच रडले. ह्यांना वाटलं हाडं दुखतायत.

आणि हे बदलले. रोज सकाळी स्वतः पडदा सारायला लागले. उन्हात बसून पेपर वाचायला लागले, वाचता वाचता मोठ्यानं बातम्या सांगायला लागले. चेहऱ्यावर तजेला आला. कोणी आलं की बोट करून सांगायचे, "बघा, उघड्या उन्हात ठेवलाय. खरा असल्याशिवाय कोण ठेवेल?" ठेवण्याचं धाडस केलं म्हणजे तो खरा ठरलाच, असं काहीसं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दिवाळी आली, गेली. "थंडीतलं ऊन लागू दे जरा," असं स्वतःच म्हणाले आणि पुढे ढकललं. मी टोमणाही मारला नाही. मला ऊन मिळत होतं.

मग एके दिवशी हे भाजी आणायला बाहेर गेले होते. मी कट्टा पुसत होते. इथे समोर कायम कुठलं तरी बांधकाम चालू, धुळीला अंत नाही. सुनेला उचलला तर दोरा सैल झालेला, आणि काळा कागद सरळ माझ्या हातात आला.

खालचा अर्धा भाग कोऱ्या चहासारखा होता, त्याच्यापुढे वरचा पाण्यासारखा. मध्ये रेष, पट्टीनं आखावी अशी.

माझा हिशेब मला आठवत होता. खोटा निघाला तरी पडदा उघडा. आता फक्त दार वाजण्याची वाट पाहायची, दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. मी तो हातात धरून उभी राहिले. पेपरवर त्यांचा चष्मा पडला होता. कपाटात चिठ्ठी होती, "उलव्याचा डोंगर (आता नाही)." माझ्याच्यानं होईना. इतकी वर्षं ज्या दगडाचा मी राग राग केला, त्याच्यासाठी माझा जीव कळवळला, आणि त्याचाही मला राग आला. लिफ्टचा आवाज आला तशी मी कागद गुंडाळला, दोऱ्याला दोन गाठी मारल्या आणि तो होता तसा कापसावर ठेवला.

दोन दिवसांनी चहा पिताना हे म्हणाले, "उघडून बघू या का आज? आता मला भीती नाही वाटत."

"राहू दे अजून," मी म्हटलं. "संक्रांत होऊ दे."

संक्रांतही झाली. मी म्हटलं, होळीनंतर बघू. ह्यांना वाटतं, मला पडदा पुन्हा बंद होईल याची धास्ती आहे. त्यावर ते हसतात, म्हणतात, "अगं वेडे, आता नाही बंद करणार." पण त्यांचा हात दोऱ्याकडे कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून ते घरात असले की मी खुर्ची सोडत नाही. भाजी तिथेच निवडते. पाठ तापते, डोळे दिपतात, तरी बसते. देवळात जायचं तर ह्यांना बरोबर घेऊन जाते.

परवा कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं तर लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. "काय हो, दिसतच नाही तुम्ही! बाकावर यायचं सोडलंत ते?"

मागून ह्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"घरातच ऊन येतं ना आता," मी म्हटलं, आणि घाईनं आत गेले.