पुडी आत जाऊन उघडली पाहिजे

गेल्या महिन्यात पुण्याहून फोन आला, शालू गेली. मेंदूत रक्तस्राव… प्रयोगशाळेतून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माझी धाकटी बहीण. पण तिच्याबद्दल रडक्या सुरात लिहिणं मला जमायचं नाही, आणि तिला तर ते मुळीच चाललं नसतं.

आमचं घर यवतमाळजवळ लोहाऱ्याला. कापसाची ती वाईट वर्षं. फोन वाजला की कर्जापायी कुणी जीव दिल्याची बातमी तर नाही ना, अशी घराघरात धास्ती. आमच्याकडे मात्र रविवारी शालूचा फोन आला की नुसती जत्रा! शरीरात एखादं प्रथिन बनत नसेल तर ते बाहेरून पेशीच्या आत पोचवायचं, हे तिचं वेड. उघडं पाठवलं तर वाटेतच नासतं, म्हणून डोळ्याला दिसणारही नाही एवढ्या बारीक वेष्टणात ती ते भरायची. त्याला ती नॅनोकॅप्सूल म्हणे. माय म्हणायची, पुडी.

पुडी पहिल्यांदा पेशीत शिरली तेव्हा शालू फोनवर अक्षरशः किंचाळली. पुढच्या रविवारी पाहतो तर नवाच घोळ. पुडी आत गेली, पण सुटेचना! आता आमच्या घराण्याची खोड सांगतो. माय एसटीनं लोणचं पाठवायची तर बरणीला फडकं, फडक्यावर सुतळी, वरून पुन्हा शिवण. शालूच्या होस्टेलच्या पोरी कात्री घेऊन बसायच्या. शालू हसत सुटली, "माय, मी बी तुह्यावाणीच पुडी बांधली वं! फुटू नये, फुटू नये करत…"

"मंग सैल बांध ना, बाई!"

"सैल बांधली तं वाटेतच सांडते!"

मग पेशीच्या आतल्या आंबटपणातच विरघळेल असं वेष्टण शोधण्यात तिची वर्षं गेली. काचेच्या बशीतल्या निरोगी पेशींत ते जमलं तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. आजारी पेशींवरचा प्रयोगही तिनं लावला, आणि तो पुरा व्हायच्या आधीच ती गेली.

त्यानंतरही रविवारी माय फोनजवळ बसून राहायची… मी चिडायचो, "कायले बसते वं? कोण करणार हाये फोन?" गेल्या रविवारी तो वाजला. शालूची विद्यार्थिनी होती. मायनं माझ्या हातून फोन ओढलाच.

"उघडली का?"

"उघडली, आजी! आजारी पेशी सुधारताहेत…" आणि पोरगी हमसून रडायला लागली.

मायचेही डोळे वाहत होते, पण आवाज खणखणीत, "रडू नको, पोरी. आता पुढं काय करून राह्यल्या, थे सांग."