शेजारच्या मुलीला वगळून केलेला अर्ज

नव्वदचं दशक सरताना अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाचा माणूस दुबईच्या हॉटेलात आम्हा पालकांना ज्ञान पाजायला आला. मोरोक्कोपासून मस्कतपर्यंतचे सगळे अर्ज म्हणे हाच वाचायचा. आमच्या विभागाचा हा जाणकार, आणि दुबईच्या ऊद मेथा भागातल्या भारतीय शाळेतली आमची मुलं घरी अरबी बोलतात अशी त्याची समजूत! तो म्हणाला, एका शाळेतले अर्ज आम्ही एकापाठोपाठ वाचतो. आम्ही शहाण्यांनी अर्थ लावला, की शत्रू शेजारच्या फ्लॅटमध्येच राहतो.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या गेटवर एकेकाचं सोंग बघावं. ज्यांच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, ते 'कुठे अर्ज करताय?' विचारलं की 'इन्शाल्ला, बघू' म्हणत गाडीत बसायचे. मला त्यांची किळस यायची. मीही तेच करत होतो.

माझ्या मुलीने अर्जासाठी निबंध लिहिला तो तिच्याच वर्गातल्या शेजारच्या मुलीवर. ती बोलताना अडखळायची. तोंडी परीक्षा आली की दोघी लिफ्टमध्ये वरखाली करत उत्तरं म्हणायच्या, कारण तिथे हसायला कोणी नसे. इमारतीचा रखवालदार ओरडला तरी उतरायच्या नाहीत. मला तो निबंध आवडला होता, हे कबूल करतो.

"हिला काढ," मी म्हणालो. "तिचाही अर्ज त्याच टेबलावर असणार. आपणच तिची जाहिरात करायची का?"

"देन देअर इज नथिंग लेफ्ट, बाबा."

मग मी तिच्याकडून तिला मिळालेल्या वादविवादाच्या चषकावर लिहून घेतलं. नेतृत्व, दोन संस्कृती, सगळा कचरा भरला. वर निकाल लागेपर्यंत शेजारी जायचं नाही, असंही बजावलं. मार्चमध्ये नकाराचं पत्र आलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी घरी आल्या. "आमची पुण्याला चालली हो," त्या म्हणाल्या. "मामाकडे राहील. परदेशाचा फॉर्म तिने भरलाच नाही, मुलाखतीत बोलायची भीती वाटते ना. पण तुमचीने इतक्यात येणं का सोडलं? पोर रोज दाराकडे बघते."

मी थातुरमातुर काहीतरी बोललो. मुलगी मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता त्यांच्या घरी निघून गेली.