मावशीच्या बोटांतल्या मुंग्या

माझी मावशी रफूवाली. दोन दुकानांच्या मधल्या बोळात, जेमतेम एका खुर्चीपुरत्या जागेत ती चाळीस वर्षं बसली. ठिणगी पडून जळलेले कोट, उंदराने कुरतडलेल्या शाली तिच्याकडे यायच्या आणि धडधाकट होऊन घरी जायच्या. कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि त्याच धाग्याने भोक विणून टाकायचं, एक वर, एक खाली. नंतर भोक कुठे होतं ते तिचं तिलाही सापडत नसे. गिऱ्हाइकं मात्र लाजत यायची, फाटकी बाजू आत दुमडून कापड पुढे करायची. मावशी चष्म्यावरून बघत म्हणायची, "आधी भोक दाखवा. लपवलेलं भोक मला रफू करता येत नाही."

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. त्यामुळे आमचं निम्मं बोलणं भांडणातच होतं. तिला केमो घ्यावी लागणार हे कळलं तेव्हा मी रडले, आणि रडते म्हणून तिने मलाच झापलं.

पहिल्या दिवशी सिस्टरने सगळं नीट सांगितलं. सिस्टर उंच, शांत, आणि तिच्या निळ्या स्वेटरला कोपरावर भोक. आधी रक्त तपासायचं, मग हाताच्या पाठीवर सुई. उलटी होऊ नये म्हणून आधी एक औषध, त्याबरोबर दुसरं, त्याने गुंगी येईल. मग खरं औषध, तीन तास. तोंडात चमचा ठेवल्यासारखी चव राहील. थकवा येईल, दोन-तीन आठवड्यांत केस जातील. शंभरच्या वर ताप गेला तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. मी वहीत भराभर लिहून घेत होते.

"आणि बोटांना मुंग्या येऊ शकतात," सिस्टर म्हणाली. "आल्या की लगेच सांगायचं. अंगावर काढलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो."

केस, ताप, उलट्या मावशीने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिल्या होत्या. मुंग्या म्हटल्यावर ती सरळ बसली. "किती येतात?" तिने विचारलं.

"ते आधी सांगता येत नाही, काकू."

मग गुंगी आली. खिडकीतून ऊन हळूहळू पांघरुणावर चढत होतं, बाटलीतून थेंब पडत होते, आणि शेजारच्या खुर्चीतला कुणीतरी मंद घोरत होता. मावशी डोळे मिटून बोलायला लागली. तिला छत दिसत होतं म्हणे, पण छत कापडाचं होतं, पांढऱ्या सुताचं, आणि त्यावरून मुंग्या ओळीने चालल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडात एकेक धागा होता.

"कुठे नेतायत?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक. माझाच धागा नेतायत मेल्या," ती पुटपुटली आणि झोपली. ऐकता ऐकता माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा बाटली संपली होती.

पुढचे दिवस असेच तरंगत गेले. ती दुपारीही झोपायची, उठून सकाळ झाली का म्हणून विचारायची. उशीवर केस आले तेव्हा तिने त्यातला एक उजेडात धरला. "सूत बरं आहे," म्हणाली, "पण रफूला कच्चं." मी रोज विचारायचे, मुंग्या? ती रोज म्हणायची, नाहीत. माझा विश्वास बसला, कारण मला तो बसायला हवा होता.

चौथ्या केमोच्या आदल्या दिवशी मी दूध घेऊन आले, तर ती खिडकीपाशी कुणाची तरी पांढरी शाल मांडीवर घेऊन काम करत होती. डोळे अर्धवट मिटलेले, ओठांवर गुणगुणणं. शालीवर लाल ठिपक्यांची ओळ होती. सुई बोटात शिरत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"कधीपासून?" मी सुई काढून घेतली.

"दुसऱ्या केमोपासून."

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती शालीवरच्या ठिपक्यांवर बोट फिरवत ऐकत राहिली, जणू ते कुणा दुसऱ्याचं बोट होतं.

"मुंग्यांना नाही भीत मी," शेवटी म्हणाली. "औषध की बोटं, असं विचारतील ते मला. आणि मी बोटं म्हणेन. तू तोंड उघडायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सिस्टरने विचारलं, "काही त्रास, काकू?"

"काही नाही." दोन्ही हात पांघरुणाखाली.

मी तोंड न उघडण्याचं कबूल केलं नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हटलं, "मावशी, आधी भोक दाखव."

तिने माझ्याकडे असं बघितलं की लहानपणी मी पलंगाखाली लपले असते. मग पांघरूण हललं. दहा बोटं बाहेर आली, टोकांना सुईच्या खुणा असलेली. सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कापूस फिरवत एकेका बोटाला विचारलं, इथे कळतंय? इथे? अंगठे सोडले तर सगळीकडे नाही.

"आज औषध देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर थांबू, मग कमी डोस देऊ. उपचार चालूच राहतील. आणि सध्या सुईला हात नाही, जखमेतून जंतू जातात."

"म्हणजे निवडायचं नाही?"

"नाही."

"बोटं परत येतील?"

"बऱ्याच जणांची येतात, हळूहळू. महिने लागतात. सगळी येतीलच असं मी म्हणणार नाही."

ते गेले. मग मावशी सिस्टरच्या कोपराकडे मान करून म्हणाली, "तो स्वेटर देऊन ठेव. पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपतोय." सिस्टरने पटकन कोपर झाकलं आणि हसली.

ऊन पांघरुणावर चढलं होतं. आज बाटली नव्हती, तरी मावशीने डोळे मिटले. मी तिचं बोट धरलं, सुईचं बोट.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "हात धर ना गं माझा."

"धरलाय, मावशी."