ता रुनचं बेणं

रुनला सगळं गाव 'ता' म्हणतं, म्हणजे आजोबा. इथल्या रिवाजाप्रमाणे तो लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला आला, तेव्हा सासूने त्याच्या हाती घरच्या गोड शाबूकंदाच्या कांड्या दिल्या आणि बजावलं, हा वाण मरू देऊ नकोस. पुढे सासू गेली, बायको गेली, वाण राहिला. गावात कुणाचंही लग्न असो, ता रुनकडून पाच कांड्यांची मोळी यायचीच. माझ्याही लग्नात आली.

मी तालुक्याच्या शेती कचेरीत. रोग आमच्या कचेरीला सगळ्यांत शेवटी कळला, ते रीतीला धरूनच झालं. पानं पिवळी पडून मुरडली, कंद बोटाएवढे निघू लागले, तेव्हा म्हाताऱ्याला समजावणं माझ्या वाट्याला आलं. म्हटलं, हा विषाणू. पांढरी माशी तो पानात सोडते. त्याला ना तोंड ना पोट. कवचात गुंडाळलेला एक हुकूम, एवढंच. एकटा असताना काही करू शकत नाही. पण पेशीत शिरला की तिच्याच सामानातून, तिच्याकडूनच स्वतःच्या असंख्य नकला काढून घेतो. त्या शेजारच्या पेशीत जातात, खोडात पसरतात. औषध नाही, झाडं उपटून जाळायची. कांडी लावली की तिच्यासोबत रोगही लागतो.

"म्हणजे माझ्यासारखाच घरजावई," ता रुन म्हणाला. "रिकाम्या हाताने यायचं आणि सासूच्या चुलीवर आपलं खटलं वाढवायचं."

मी हसलो. तो हसला नाही. हे जाळलं तर नवं बेणं कुठून आणायचं, एवढंच त्याने विचारलं. गावात घरोघर त्याचंच बेणं होतं आणि घरोघर पानं मुरडली होती.

आशा उरली ती त्याच्या मुलाची. विचेत सहा वर्षांपूर्वी डोंगरापलीकडे सासरी गेला, तेव्हा पाच कांड्या घेऊन गेला होता. तेव्हा हा रोग नव्हता. आम्ही माझ्या मोटारसायकलवरून निघालो.

शेत हिरवंगार होतं. ता रुन बांधावर बसून नुसता बघत राहिला. वाचला वाण, असं मलाही वाटलं. मग कडेची एक ओळ दिसली. तिची पानं मुरडलेली होती.

"ती तू गेल्या नववर्षाला पाठवलेली मोळी, बा," विचेत कौतुकाने म्हणाला. "जुनं बेणं थकतं, म्हणाला होतास."

वाटलेल्या मोळ्या म्हाताऱ्याने कधी लक्षात ठेवल्या नव्हत्या. ही पाठवली तेव्हा त्याच्या झाडांवर काही दिसतही नव्हतं.

"बाकीची तरी?" त्याने मला विचारलं.

मी मधल्या एका झाडाचं पान उलटलं. पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या. खोटं बोलावं असं मला फार वाटलं.

"एकाचीही खात्री नाही, ता."

तो उठला आणि समोरचं झाड मुळासकट ओढू लागला. डोकं फिरलं का, म्हणत विचेत धावत आला.

"कोयता आण," ता रुन म्हणाला. "मग सांगतो, मी तुला काय पाठवलं ते."

शेत आडवं करायला दोन दिवस लागले. त्यातली निम्मी झाडं जळेपर्यंत हिरवीगार होती. ता रुनने त्यांतली एकही कांडी मागे ठेवली नाही.